खेळांतलें विमान आणि हातांतला दांडा



विमान चालविण्याची हौस असणारीं माणसें पुष्कळ आणि विमान चालवावयास मिळणारीं थोडीं, अशी आपल्याकडील एकंदर स्थिति आहे. ही तूट भरून काढण्याचें काम हल्लीं संगणकावरील उड्डाणाचे खेळ करतात. घरच्या टेबलाशीं बसून मुंबईच्या धावपट्टीवरून निघावें, सह्याद्रीचे कडे ओलांडावे आणि लोहगांवला उतरावें, हें आतां शाळकरी मुलालाहि साध्य झालें आहे. परंतु पडद्यावरचें विमान कितीहि हुबेहूब असलें, तरी त्याचा आणि आपला संबंध ज्या एका वस्तूच्या द्वारें येतो ती वस्तु पडद्यावर नसते. ती आपल्या हातांत असते. त्या वस्तूविषयीं, म्हणजे जॉयस्टिक नांवाच्या दांड्याविषयीं आणि त्याच्या जोडीच्या थ्रॉटलविषयीं, आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें घरांतल्याच एका प्रसंगानें. माझ्या भाच्यानें विमानदलांत जाण्याचें नववींतच मनाशीं ठरविलें होतें. सणावारीं मिळालेले पैसे दोन वर्षें सांठवून त्यानें एक जॉयस्टिक घेतली. सहा-सात महिने स्वारी खुशींत होती. मग एके दिवशीं माझ्या बहिणीचा फोन आला, कीं मुलगा अबोल झाला आहे, विमानाचें नांव काढीत नाहीं आणि कॉमर्सला जातों म्हणतो. मी गेलों. पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर तो म्हणाला, "मामा, माझा हात थरथरतो. पूर्वीं मला विमान सरळ ठेवतां येत असे, आतां येत नाहीं. असला हात विमानदलांत कोण घेणार?" मीं त्याला विमान उडवून दाखवावयास सांगितलें. विमानाचें नाक खरोखरच वर-खालीं हिसके घेत होतें, आणि पोराच्या कपाळावर घाम आला होता. मग मीं त्याला दांडा सोडून हात मांडीवर ठेवावयास सांगितलें. दांडा मोकळा उभा होता, त्याला कोणाचें बोटहि लागलें नव्हतें, आणि विमान हिसके घेतच होतें!

पंधरा वर्षांच्या मुलानें आपल्या आयुष्याविषयीं घेतलेला निर्णय हा असा धुळीच्या कणावर उभा होता. धुळीचा कण हें मी अलंकारानें म्हणत नाहीं. तो कण दांड्याच्या पोटांत खरोखरच होता. तेव्हां त्या पोटांत काय असतें हें आधीं पाहूं.

जॉयस्टिक स्वतः विमान हालवीत नाहीं. दांडा कोणीकडे आणि किती कलला एवढीच वर्दी ती संगणकाला देते. ही वर्दी देण्याच्या मुख्य रीति दोन. पहिली जुनी आणि स्वस्त. तिच्यांत पोटेन्शियोमीटर नांवाचा भाग असतो. रेडिओचा आवाज लहान-मोठा करण्याची जी खुंटी आपण पिळतों तिच्याच जातीचा. कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक जीभ घासत जाते आणि तिच्या जागेप्रमाणें विजेचा दाब कमी-जास्त होतो. ज्यांच्या घरीं जुना रेडिओ आहे त्यांनीं खुंटी फिरवितांना होणारी खरखर ऐकली असेलच. ती खरखर म्हणजे पट्टीवरची धूळ आणि झीज. रेडिओंत ती कानाला ऐकूं येते. जॉयस्टिकमध्यें ती विमानाच्या नाकाला जाणवते. त्यांतून दांडा बहुतेक सारा वेळ मध्याच्या आसपासच हालत असल्यामुळें पट्टी झिजते तीहि नेमकी मध्यावर, म्हणजे सरळ उड्डाणाला जेथें सर्वांत अधिक स्थैर्य हवें तेथेंच.

दुसरी रीत चुंबकाची. वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्याला आडवें चुंबकीय क्षेत्र लाविलें असतां पत्र्याच्या दोन कडांमध्यें विजेचा सूक्ष्म दाब उत्पन्न होतो, असें १८७९ सालीं एड्विन हॉल या अमेरिकन संशोधकाला आढळलें. त्या शोधावर आधारलेला लहानसा तुकडा दांड्याच्या तळाशीं बसवितात आणि दांड्याला चुंबक लावतात. दोघे एकमेकांना शिवत नाहींत, म्हणून घासत नाहींत. घासत नाहींत, म्हणून झिजत नाहींत. थ्रस्टमास्टरच्या टी-१६०००-एम या जॉयस्टिकच्या दांड्याला हीच योजना आहे, आणि व्हीकेबी व व्हर्पिल यांच्या दांड्यांतहि स्पर्श न करणारेच संवेदक असतात. मात्र 'चुंबकीय' हें विशेषण वाचून ग्राहकानें हुरळून जाऊं नये. कांहीं जॉयस्टिकमध्यें पुढें-मागें आणि डावें-उजवें एवढे दोनच अक्ष चुंबकाचे असतात. मूठ पिळून सुकाणू फिरविण्याचा तिसरा अक्ष जुन्याच पट्टीवर चालतो. शिवाय चुंबक झिजत नसला तरी स्प्रिंग थकते आणि खिळी सैल होते. विकत घेतांना हें विचारून घ्यावें.

"अहो, खेळणें तें! त्याचा एवढा विचार कशाला?" असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं थोडा इतिहास सांगतों. न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन गांवीं एड्विन लिंक नांवाचा तरुण बापाच्या कारखान्यांत पियानो आणि ऑर्गन बनवीत असे. ऑर्गनचे भाते आणि हवेच्या नळ्या वापरून त्यानें १९२९ च्या सुमारास एक बुटकें विमान तयार केलें. तें जागेवरच राही, पण दांडा हालवितांच कले, वळे, नाक वर करी. प्रथम त्याला गिऱ्हाईक मिळालें तें बहुतेक करमणुकीच्या जत्रांत. पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांकडे टपाल वाहण्याचें काम आलें, आणि धुक्यांत व अंधारांत नुसत्या उपकरणांच्या आधारें उडण्याची संवय नसल्यामुळें त्यांतील कित्येक थोड्याच आठवड्यांत मृत्युमुखीं पडले. तेव्हां सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें घेतलीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत अशा यंत्रांची संख्या हजारांवर गेली. खेळणें आणि साधन यांमधील भिंत अशी पातळ आहे. हाताला लागलेली संवय चांगली असो वा वाईट, ती हात बरोबर घेऊन जातो.

आतां निवडीकडे वळूं. जाहिरातींतून आंकड्यांचा भडिमार होत असतो: इतक्या हजार पायऱ्या, इतकीं बटनें, इतके रंगीत दिवे. दिव्यांविषयीं मी बोलत नाहीं. पायऱ्यांचा हिशेब मात्र आपण स्वतः करून पाहावा. दांडा मध्यापासून दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश कलतो आणि मूठ खिळीपासून वीस सेंटिमीटर उंच आहे असें धरा. या सगळ्या प्रवासाचे २५६ भाग केले, तर एका भागाला मुठीची हालचाल सुमारें अर्धा मिलिमीटर येते; एवढी पायरी जाणत्या हाताला बोचेल. १०२४ भाग केले, तर तीच सुमारें ०.१४ मिलिमीटर होते. माझ्या मतें सामान्य माणसाच्या हाताची मजल येथें संपते. यापुढें चार हजार काय आणि सोळा हजार काय! दांड्याचा मध्यच जर अर्धा मिलिमीटर ढिला असेल, तर सोळा हजार पायऱ्या म्हणजे डळमळत्या तागडींत गुंजा मोजणें होय.

म्हणून दुकानांत बटनें दाबीत बसूं नये. दांडा हातीं घ्यावा आणि सर्व लक्ष त्याच्या मध्यावर ठेवावें. हलकेच सोडल्यावर तो एकाच जागीं येऊन थांबतो कीं रोज नवी जागा शोधतो? मध्याच्या अलीकडून पलीकडे अगदीं सावकाश नेतांना कोठें खट्कन् अडतो आणि मग उडी मारतो काय? पुढून उजवीकडे तिरपा नेला असतां वाटेंत उंचवटा लागतो काय? स्वस्त दांड्यांत स्प्रिंग अशी असते कीं, मध्यापासून निघावयास जोर फार लागतो आणि एकदां निघाल्यावर दांडा हातून पुढें धांवतो. विमानाला उड्डाणांतील बहुतेक वेळ लहान लहान दुरुस्त्याच लागतात, आणि त्या सर्व या मध्याच्या चिंचोळ्या पट्टींत कराव्या लागतात. तेथें दांडा अडेल असला, तर बाकीचीं चाळीस बटनें शोभेपुरतींच.

कोणत्या विमानासाठीं कोणता दांडा, हा प्रश्नहि नेहमीं विचारतात. १९०९ च्या जुलै महिन्यांत ब्लेरिओनें इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हांच त्याच्या गुडघ्यांमध्यें दांडा आणि पायाखालीं सुकाणूचा आडवा दांडू होता; लढाऊ विमानांनीं तीच मांडणी पुढें चालविली. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानांत आणि बोइंगच्या प्रवासी विमानांत मात्र दांड्याऐवजीं चक्राकार योक असतो. एअरबस ए-३२० मध्यें पुन्हां लहानसा दांडा आला, पण तो बाजूला. कप्तानाच्या डाव्या हाताशीं आणि सहवैमानिकाच्या उजव्या हाताशीं. म्हणून ज्याला मुख्यतः ए-३२० उडवावयाचें आहे त्यानें दोन्ही हातांना चालणारी मूठ पाहावी. पुष्कळ मुठी उजव्या तळव्याच्या सांच्यावरच घडविलेल्या असतात. एफ-१६ या लढाऊ विमानाची गोष्ट तर आणखी बोधप्रद आहे. त्याचें पहिलें उड्डाण १९७४ सालीं झालें. त्याचा दांडा आरंभीं मुळींच हालत नसे. वैमानिकाच्या हाताचा नुसता दाब मोजून तो आज्ञा समजून घेई. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें यांत कांहीं चूक नव्हती. पण वैमानिकांच्या हाताला तें मानवेना. आपण किती आज्ञा दिली हें हातालाहि कळावें लागतें. अखेर त्या दांड्याला किंचित्, अगदीं नांवापुरती, हालचाल देण्यांत आली.

ज्याला सर्व प्रकारचीं विमानें थोडीं थोडीं उडवावयाचीं आहेत त्यानें साधा उभा दांडाच घ्यावा. दांड्यानें योकचें काम भागतें. योकनें लढाऊ विमानाचें भागत नाहीं.

थ्रॉटलच्या बाबतींत माझें मत थोडें आग्रही आहे. जॉयस्टिकच्या तळावर जी बोटभर तरफ दिलेली असते तिच्यावर फार काळ समाधान मानूं नये. थ्रॉटल निराळा असावा, दुसऱ्या हाताशीं असावा, आणि त्याची तरफ लांब, जड आणि सोडली तेथेंच राहणारी असावी. तिला स्प्रिंग नको, घर्षण हवें; आणि तें घर्षण स्क्रू पिळून कमी-जास्त करतां आलें तर उत्तम. उतरतांना इंजिनाची शक्ति चिमूट-चिमूट वाढवावी किंवा घटवावी लागते, आणि बोटभर तरफेच्या तुटपुंज्या प्रवासांत चिमटीचें माप साधत नाहीं. दोन इंजिनांच्या विमानांची आवड असेल तर दुहेरी तरफ घ्यावी. जेट लढाऊ विमानांसाठीं आफ्टरबर्नरच्या अलीकडे एक खांच असते. ती खांच खेळांतील आंकड्याशीं जुळवून घ्यावी लागते, नाहीं तर हाताला वाटतें आपण खांचेच्या अलीकडे आहों आणि इंजिन मात्र इंधनाचा धूर करीत असतें.

तरफ पुढें लोटली म्हणजे शक्ति वाढते, ही गोष्ट आज आपण गृहीतच धरतों. पण ती कांहीं निसर्गानें घालून दिलेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ फ्रेंच विमानांत तरफ मागें ओढली म्हणजे शक्ति वाढे. फ्रान्ससाठीं बनविलेलीं कर्टिस हॉक विमानें फ्रान्सच्या पाडावानंतर ब्रिटिशांच्या हातीं आलीं, तेव्हां त्यांना 'मोहॉक' असें नांव देऊन आधीं त्यांच्या थ्रॉटलची दिशा उलटी करावी लागली. पुढें त्यांतलीं कांहीं भारतांत येऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलीं. आपल्या खेळांतहि कित्येकदां नवा थ्रॉटल जोडला कीं तो असा फ्रेंच चालीचा निघतो. तरफ मागें असतांना इंजिन गर्जत असतें. घाबरण्याचें कारण नाहीं. सेटिंगांत त्या अक्षापुढें 'उलटा' अशा अर्थाची एक चौकट असते, ती निवडली म्हणजे झालें.

वस्तु घरीं आल्यावर पहिली जुळणी संगणकांत करावयाची नसते. ती खुर्चींत करावयाची असते. बहुतेक मंडळी जॉयस्टिक टेबलावर ठेवतात. टेबल लिहिण्यासाठीं केलेलें असतें. त्यावर दांडा ठेवला कीं मूठ छातीपर्यंत येते, खांदा वर चढतो, कोंपर अधांतरीं राहतें, आणि अर्ध्या तासांत मनगट बोलूं लागतें. अधांतरीं असलेला हात बारीक हालचाल करूं शकत नाहीं, हें अक्षर गिरविणाऱ्या कोणत्याहि मुलाला ठाऊक आहे. मूठ मांडीच्या पातळीवर आणि पुढचा हात मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेंकलेला, ही खरी बैठक. त्यासाठीं महागडा स्टँड लागतो असें नाहीं. भाच्यासाठीं आम्हीं सुताराकडून प्लायवुडची एक फळी कापून घेतली. तिचें एक टोंक मांड्यांखालीं दडपून तो बसतो. दुसऱ्या टोंकावर, गुडघ्यांच्या मध्यें, जॉयस्टिक स्क्रूनें बसविली आहे. कांहीं लोक दांड्याला लांबीचा तुकडा जोडतात. लांबी दुप्पट केली कीं त्याच अंशासाठीं मुठीला दुप्पट प्रवास करावा लागतो, म्हणून हातास बारकावा साधतो. पण हाताला लागणारा स्प्रिंगचा जोर निम्मा होतो. तेव्हां तुकडा जोडणाराला कडक स्प्रिंगहि घ्यावी लागते, आणि तळ टेबलाला घट्ट आवळावा लागतो.

आतां संगणकांतील जुळणी. जोडतांना दांड्याला हात लावूं नये. कांहीं जॉयस्टिक जोडल्याक्षणीं जेथें असतील तोच मध्य मानून बसतात. मग विंडोजच्या कॅलिब्रेशनच्या पानावर दांडा सावकाश चारहि कोपऱ्यांपर्यंत फिरवावा. त्या पानावर एक लहानसा अधिक-चिन्हासारखा ठिपका असतो. दांडा सोडून त्या ठिपक्याकडे मिनिटभर पाहत बसावें. दांड्याची प्रकृति कळण्यास विमानापेक्षां हा ठिपका अधिक विश्वासू. कारण एका पंख्याचें विमान पंख्याच्या फिरण्यामुळें मुळांतच डावीकडे ओढ घेत असतें, आणि नवशिका त्याचा दोष बिचाऱ्या दांड्याला देतो. ठिपका स्थिर असेल तर दांडा निर्दोष. ठिपका थरथरत असेल तर हात निर्दोष. आमच्या घरांतील खटल्याचा निकाल या ठिपक्यानेंच लागला.

यानंतर खेळांतील अक्षांची यादी पाहावी. पुष्कळ खेळ नवीन जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आपण होऊनच कामें वांटून देतात, आणि तें करतांना विमानाचें नाक उचलण्याचें काम जॉयस्टिकलाहि देतात आणि थ्रॉटलच्या एखाद्या अक्षालाहि देतात. एका म्यानांत दोन तलवारी शिरल्यावर जें व्हावयाचें तें होतें: शक्ति वाढविली कीं विमान डुबकी मारतें. प्रत्येक कामापुढें एकच धनी ठेवावा, बाकीचीं नांवें पुसून टाकावींत.

मग येतो डेड झोन, म्हणजे दांड्याच्या मध्याभोंवतींचा मृत टापू. येवढ्या भागांत दांडा हालला तरी संगणकानें तिकडे लक्ष देऊं नये, अशी ही आज्ञा असते. पुढें-मागें आणि डावें-उजवें या दोन अक्षांवर तो शून्य असावा किंवा शून्याच्या जितका जवळ ठेवतां येईल तितका ठेवावा, असें माझें स्पष्ट मत आहे. पुन्हां आपला वीस सेंटिमीटरचा दांडा घ्या. पांच टक्क्यांचा मृत टापू म्हणजे प्रत्येक बाजूला एक अंश, म्हणजे मुठीपाशीं साडेतीन मिलिमीटर. डावीकडून उजवीकडे जातांना मूठ सात मिलिमीटर निर्जीव प्रदेशांतून जाते, आणि सरळ उड्डाणाच्या बहुतेक दुरुस्त्या या सात मिलिमीटरांतच मावणाऱ्या असतात. माझ्या भाच्यानें कोणाच्या तरी सल्ल्यावरून हा टापू वीस टक्क्यांपर्यंत वाढविला होता. त्यामुळें लहान हिसके झांकले गेले. मोठे हिसके कुंपणावरून उड्या मारून येतच राहिले. आणि मधल्या तीन सेंटिमीटरांत विमानाला त्याची आज्ञाच पोंचेना. तो अधिक जोरानें दांडा ढकली, विमान एकदम उसळे, तो उलट ओढी, विमान उलट उसळे. आपला हात बिघडला ही त्याची समजूत त्यामुळें दृढ झाली. गळक्या छपराखालीं भांडें ठेवण्यापलीकडे डेड झोनचा उपयोग नाहीं. छप्पर शाकारावयाचें तें शाकारावेंच लागतें. अपवाद एकच. मूठ पिळून सुकाणू फिरवावयाचें असेल, तर दांडा कलवितांना मूठ नकळत थोडी पिळली जातेच. त्या एका अक्षावर पांच-सात टक्के मृत टापू ठेवण्यास हरकत नाहीं. पायांनीं चालविण्याचीं पेडलें घेतलीं कीं हीहि अडचण जाते.

डेड झोनपेक्षां अधिक नाजूक गोष्ट म्हणजे कर्व्ह, अर्थात् दांड्याची हालचाल आणि विमानाला जाणारी आज्ञा यांमधील वक्ररेषा. रेषा सरळ असतां दांडा अर्धा कलविला तर आज्ञाहि अर्धी जाते. वक्रता दिली कीं मध्यावर आज्ञा सौम्य होते. निरनिराळ्या खेळांचें गणित थोडें निराळें असतें, पण एका नेहमींच्या सूत्राप्रमाणें वीस टक्के वक्रता दिली, तर दांड्याच्या पहिल्या दशांश प्रवासाला दहाऐवजीं आठ टक्केच आज्ञा जाते. हात किंचित् कांपला तरी विमान कमी दचकतें. हें ऐकून मुलें उत्साहानें साठ टक्के वक्रता लावतात. परंतु दांड्याच्या टोकाला पूर्ण आज्ञा गेलीच पाहिजे. तेव्हां मध्यावर जें वांचविलें तें टोकाकडे फेडावें लागतें. वीस टक्क्यांत शेवटच्या दशांशाला तेरा टक्क्यांहून अधिक आज्ञा जाते. साठ टक्क्यांत टोकापाशीं दांडा दुपटीहून अधिक उतावीळ होतो. हें कर्ज फेडण्याची वेळहि नेमकी वाईट येते. धावपट्टीवर टेंकण्याच्या क्षणीं विमानाचा वेग कमी असतो, हवेची पकड सैल असते, म्हणून दांडा पुष्कळ ओढावा लागतो. आकाशांत सद्गुणी वाटलेला दांडा जमिनीपासून दहा फुटांवर अशा रीतीनें अनोळखी होतो. आंखूड दांड्याला दहा ते वीस टक्के वक्रता पुरे. लांब दांड्याला ती नसली तरी चालतें. थ्रॉटलला वक्रता मुळींच देऊं नये.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि सेटिंगनें भरून निघत नाहीं. लहान विमानांत पंख-शेपटीवर येणारा वाऱ्याचा दाब वैमानिकाच्या हाताला दांड्यांतून जाणवतो. हात दुखूं नये म्हणून तो ट्रिमचें चाक फिरवितो, दाब नाहींसा होतो, आणि दांडा त्या नव्या जागींच स्वस्थ राहतो. आपल्या जॉयस्टिकची स्प्रिंग वारा ओळखत नाहीं. तिला एकच जागा ठाऊक, ती म्हणजे मध्य. मोटरी बसवून हा दाब उत्पन्न करणारे दांडे आहेत, पण ते महाग. साध्या दांड्यावर युक्ति अशी: आधीं दांड्यानें विमानाचें नाक हव्या त्या जागीं धरावें, मग ट्रिमचें बटन एकेक टिचकी दाबीत जावें आणि प्रत्येक टिचकीसरशीं दांडा थोडा थोडा मध्याकडे सोडीत यावा. शेवटीं दांडा मध्यावर आणि नाक जागेवर. ट्रिमचें बटन अंगठ्याखालींच असावें. तोफा आणि क्षेपणास्त्रें त्याच्या मागून. मुलांना हा क्रम आवडत नाहीं.

या सर्व जुळणीची परीक्षा एकाच ठरलेल्या उड्डाणांत घ्यावी. आम्ही सेस्ना १७२ घेतों. तीन हजार फुटांवर सरळ जावें, ट्रिम करावें, हात सोडावा. मग तीस अंश कलून पूर्ण वळण घ्यावें आणि उंची शंभर फुटांच्या आंत राखतां येते कीं नाहीं तें पाहावें. मग ६५ नॉट वेगानें धावपट्टीकडे यावें. प्रत्येक वेळीं एकच आंकडा बदलावा, तो वहींत लिहावा, आणि दुसरा बदल करण्यापूर्वीं निदान तीन उड्डाणें करावींत. हाताला नव्या आंकड्याची ओळख होण्यास तेवढा अवधि लागतो. रोज आंकडे बदलणाराचा हात कोणत्याच दांड्याला सरावत नाहीं.

भाच्याची जॉयस्टिक आम्हीं दोघांनीं उघडली. पट्टी साफ करण्याचा फवारा मारला. दीड-दोन महिने ती नीट चालली आणि पुन्हां थरथरूं लागली. मग पुण्याच्या तपकीर गल्लींतून तेवढ्याच ओह्मचा नवा पोटेन्शियोमीटर आणून त्यानें स्वतः डाग देऊन बसविला. डाग देतांना त्याचा हात कांपला नाहीं, हें मी पाहत होतों. त्यालाहि तें दिसलें असावें. त्या रात्रीं त्यानें लोहगांवच्या धावपट्टीवर अकरा वेळां विमान उतरविलें. पहिल्या चार वेळां तें आपटलेंच. त्याची वही मीं आजच येथें येण्यापूर्वीं पाहिली. त्या तारखेखालीं त्यानें एवढेंच लिहून ठेविलें आहे: डेड झोन शून्य, वक्रता पंधरा, ट्रिम दोन टिचक्या वर, आणि खुर्ची एक इंच खालीं घ्यावी.